हात मराठी, पात्रं मुकी

जिंतूर तालुक्यातल्या बोरीत मोठं होणारं पोर आजीशी मराठवाडीत बोलतं आणि डोरेमॉनशी हिंदीत. हिंदीशी भांडण नाही. ते पोर दोन भाषा फुकटात शिकतंय. प्रश्न वेगळा आहे. ज्या महाराष्ट्रात भारतीय अ‍ॅनिमेशन जन्मलं, तिथं मराठी बोलणारं एकही रेखाटलेलं पात्र त्या पोराच्या ओळखीचं का नाही?

आपला वारसा तर थोर आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत पडद्यावर आणली. 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी साध्या काड्या नाचवल्या. वस्तू जराशी सरकवायची, चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायची: या कलेचं मूळ अजून एवढंच आहे. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे चित्रकथी होते. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रं असोत की कुडाळजवळच्या पिंगुळीची, कथेकरी ती एकामागून एक समोर धरी आणि गाऊन गोष्ट सांगे. चित्र आणि बोल तिथं जोडीनंच येत.

ती जोडी पुढं तुटली. 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथल्या कलावंतांना शिकवलं. 1957 चा ‘द बॅनियन डीअर’ आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्यातूनच आले. पण विभाग सरकारी, म्हणून संदेश आधी आणि गोष्ट मागून. याला सुंदर अपवाद 1974 च्या ‘एक अनेक और एकता’चा. विजया मुळे यांची कल्पना आणि भीमसैन यांचं अ‍ॅनिमेशन यांनी उपदेशाचा खेळ करून टाकला. जाळं घेऊन उडणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिले. कल्पना मराठी बाईची, भाषा हिंदी.

पुढंही तेच घडत गेलं. मुंबई-पुण्याचे स्टुडिओ जाहिराती आणि परदेशी मालिकांची कामं करत तरबेज झाले. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ (2005) गाजला, पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचा ‘दिल्ली सफारी’ (2012) राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला, दोन्ही हिंदी. मराठीनं काय केलं? ‘सकाळ’मध्ये जन्मलेला ‘चिंटू’ 1991 पासून चित्रपट्टीच्या रेषांत जगत होता. 2012 मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला, तेव्हा त्याला हाडामांसाचा मुलगा केलं. आयतं रेखाटलेलं पात्र हाताशी असताना आपण रेषेवर विश्वास ठेवला नाही. 2018 मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी अ‍ॅनिमेशनपट आला, पण विषय ठरलेला. देव आणि महाराज यांच्यापलीकडं साधं माणूस या माध्यमात आपल्याला सुचतच नाही.

साधं माणूस बघायचं तर गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (2006) बघावा. माझ्या आवडत्या चित्रपटांत तो कायम वर असतो. एकटी म्हातारी, तिची मांजर आणि जपून ठेवलेल्या काडेपेट्या. त्यांवरच्या चित्रांत शिरून ती जग फिरते. जे. जे.त शिकलेल्या बाईंनी एकहाती रंगवलेला हा लघुपट कानमध्ये गौरवला गेला. फाळक्यांच्या काड्यांपासून या काडेपेट्यांपर्यंत कौशल्याची कमतरता कधीच नव्हती. पण गंमत अशी, की त्यात संवादच नाहीत. आपलं उत्तम काम एक तर हिंदी बोलतं, नाही तर बोलतच नाही.

पैसा नाही, ही सबब ‘फ्लो’नं (2024) बरीचशी मोडली. पुरात सापडलेल्या मांजराची ही कथा लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसनं ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर घडवली आणि 2025 मध्ये ऑस्कर मिळवलं. लॅटव्हियाची लोकसंख्या अठरा-एकोणीस लाख. बोरीच्या परभणी जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 18 लाख 36 हजार. अर्थात लॅटव्हियाचं सरकार पाठीशी होतं, फ्रान्स-बेल्जियमचे निर्मातेही होते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कलावंताची दोन-चार वर्षं मिळत नाहीत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये पुरानं पिकं, माती, जनावरं नेलेल्या मराठवाड्याला तर ‘फ्लो’ समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून मागणी भव्य चित्रपटाची नको. पाच-सात मिनिटांचे लघुपट हवेत आणि ते करणाऱ्यांना जगण्यापुरतं मानधन हवं. पोळ्याच्या दिवशी धन्याला ‘काय करायलास?’ म्हणून टोकणारा बैल, कापसाच्या भावावर हुज्जत घालणारी म्हातारी, एसटीची वाट बघून कंटाळलेली पोरं: गोष्टी पुष्कळ आहेत. ‘किशोर’सारखं मासिक 1971 पासून मुलांसाठी चालवू शकणाऱ्या राज्याला एवढं जड नाही. आणि त्या लघुपटांत बोली पुण्याची करून घेऊ नये. बोरीच्या पोराला पडद्यावरचा बैल आपल्या आजीसारखा बोलताना ऐकू आला, तर डोरेमॉनला पहिल्यांदाच बरोबरीचा गडी भेटेल.