अंगठी आपली, आकडे कोणाचे?

पायलट स्टडीसाठी झोप मोजणारे मनगटी बँड घेताना मी बजेटमध्ये ‘इक्विपमेंट’ हेडखाली फक्त त्यांची किंमत लिहिली. सुरुवातीचं मोफत सबस्क्रिप्शन संपलं, ॲपमधले बरेच तपशील दिसेनासे झाले, आणि दरमहाचे पैसे कोणत्या हेडमधून द्यायचे हे कोणालाच सांगता येईना. चूक माझीच. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितेय.

बाजारात ढोबळमानाने तीन पद्धती आहेत. व्हूपची मेंबरशिप घ्यायची, बँड तिच्यातच येतो. औराने २०२१ मध्ये, तिसऱ्या पिढीपासून, अंगठीच्या किमतीशिवाय दरमहा ५.९९ डॉलर लावले. ते भरले नाहीत तर रोजचे मोजके स्कोअर दिसतात, खोलातलं विश्लेषण नाही. बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमनची अंगठी किंवा सॅमसंगची गॅलेक्सी रिंग एकदाच पैसे देऊन वापरता येते.

आता गणित करा. ५.९९ डॉलर दराने तीन वर्षांचे एका अंगठीमागे सुमारे २१५ डॉलर होतात. वीस सहभागी असतील तर ४,३०० च्या पुढे, तेही अंगठ्यांची किंमत सोडून.

मग ‘सबस्क्रिप्शन वाईट’ म्हणून मोकळं व्हायचं का? तसंही नाही. ॲप, सर्व्हर, अपडेट यांचा खर्च चालूच असतो. एकदाच पैसे घेणाऱ्या कंपनीला तो पुढच्या विक्रीतून काढावा लागतो, त्यामुळे जुन्या मॉडेलकडे दुर्लक्ष होण्याचा धोका तिथे असतो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सेन्सर प्रकाशाच्या मदतीने त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले बदल टिपतो. ‘स्लीप स्कोअर’ हे मात्र थेट मोजमाप नाही; ते कंपनीच्या सूत्राचं उत्तर आहे, आणि ते सूत्र पूर्ण उघड नसतं. अभ्यासाच्या मध्येच अपडेट आलं, तर आधीचे आणि नंतरचे स्कोअर एकाच फूटपट्टीने मोजलेले असतीलच असं नाही. हा धोका दोन्हीकडे आहे. सबस्क्रिप्शनमध्ये पैसे थांबले की डेटा अडण्याची भीती वर.

म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी कंपनीला विचारा: पैसे थांबले तर जुना डेटा उतरवता येईल का? हृदयाच्या ठोक्यांमधली अंतरं मिळतील, की फक्त स्कोअर? उत्तर लेखी घ्या. अभ्यासाच्या सगळ्या महिन्यांचं सबस्क्रिप्शन बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. ॲप आणि फर्मवेअरचं व्हर्जन तारखेसह नोंदवा. पायलटनंतर माझ्या गाइडनी पहिलं तेच विचारलं होतं, आणि माझ्याकडे ती नोंद नव्हती.