पाककला स्पर्धा आणि कौटुंबिक प्रेक्षकत्व : एक चिकित्सा
(लाखांदूर परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : पाककला, दूरचित्रवाणी, कुटुंब, गृहिणी, झाडीपट्टी

प्रस्तावना :
1993 मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या संजीव कपूर यांच्या 'खाना खजाना' या कार्यक्रमाने पाककृतीला दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याचा हेतू शिकविण्याचा होता व त्याचा प्रेक्षक म्हणून प्रामुख्याने गृहिणीच गृहीत धरलेली होती. पाककृतीला स्पर्धेचे रूप आल्यावर मात्र संपूर्ण कुटुंब तिचे प्रेक्षक झाले. झाडीपट्टीच्या नाटकासमोर सहकुटुंब रात्र जागविणाऱ्या लाखांदूर परिसराला एकत्र पाहणे नवे नाही. परंतु एकत्र पाहणे म्हणजे समान भूमिकेतून पाहणे नव्हे. पाककलेचे कार्यक्रम घरात रांधणाऱ्या स्त्रीला कोणते स्थान देतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात तीन कार्यक्रमांच्या आधारे केली आहे.

तीन कार्यक्रम, तीन भूमिका :
झी मराठीवर 2007 मध्ये सुरू झालेल्या 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये सामान्य गृहिणी आपला पदार्थ करीत आणि प्रशांत दामले तो चवीने खात. तेथे कोणी बाद होत नसे. घरातील स्त्री पडद्यावरील स्त्रीकडे बरोबरीच्या नात्याने पाहू शके. 'आपल्याकडे हे असे करीत नाहीत' असे म्हणण्याचा अधिकारही तिच्याकडे राही.

2010 मध्ये स्टार प्लसवर आलेल्या 'मास्टरशेफ इंडिया'ने हे नाते बदलले. पहिल्या पर्वाच्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शिक्षिका. घरच्या रांधण्यातून नाव मिळू शकते, हा विश्वास त्यांच्या यशाने दिला, हे निर्विवाद आहे. मात्र पदार्थाची चव पडद्यातून येत नाही. त्यामुळे प्रेक्षकांसाठी मांडणी व परीक्षकांच्या चेहऱ्यावरील भाव हेच प्रमाण ठरतात. परीक्षकांची ही भाषा मुले व पुरुष सहज उचलतात आणि तीच कसोटी घरच्या ताटाला लावतात. येथे गृहिणी प्रेक्षक न राहता स्पर्धक ठरते, तीही बक्षीस नसलेल्या स्पर्धेतील.

स्पर्धेत घड्याळ सर्वांना सारखे असते व कोठार भरलेले असते. धानाच्या रोवणीवरून संध्याकाळी परतून, घरात असेल त्या तांदूळ-डाळीत सर्वांची जेवणे पुरवून उरविणाऱ्या स्त्रीचे कौशल्य नेमके याच्या उलट आहे. पुरविणे या गुणाला कोणत्याही परीक्षकाकडे गुण नाहीत.

डिसेंबर 2021 मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'किचन कल्लाकार'मध्ये कलावंत ओट्यासमोर गोंधळताना दिसतात. हसण्यासाठी रचलेल्या या कार्यक्रमात अनपेक्षितपणे गृहिणी जाणकार ठरते. कलावंत कोठे चुकला, हे घरात तीच आधी ओळखते आणि इतर तिला कारण विचारतात. गंभीर स्पर्धेने न दिलेला मान येथे विनोद देऊन जातो.

स्थानिक ताटाचा प्रश्न :
'मास्टरशेफ इंडिया'चे 2015 मधील चौथे पर्व संपूर्ण शाकाहारी होते. वैनगंगा व चुलबंद या नद्यांच्या काठी, जेथे भात आणि मासळी हे नित्याचे अन्न आहे, तेथील अनेक घरांना या पर्वात आपले ताट अपुरेच दिसले असणार. लाखोळीच्या डाळीची गोष्ट याहून बोलकी आहे. आरोग्याच्या कारणास्तव 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तरीही पूर्व विदर्भाच्या शेतातून व स्वयंपाकघरातून ती गेली नाही. अशा अन्नाला स्पर्धेच्या ओट्यावर जागा नसते. परिणामी, आपले रोजचे जेवण दाखविण्याजोगे नाही, असा समज पाहणाऱ्या मुलांच्या मनात नकळत रुजू शकतो.

निष्कर्ष :
हे कार्यक्रम पाहू नयेत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. त्यांनी स्वयंपाकाला घराबाहेर प्रतिष्ठा दिली, मुलग्यांनाही ओट्याशी उभे राहण्याचे निमित्त दिले. तथापि, त्यांचे मूल्यमापन केवळ 'सहकुटुंब पाहण्याजोगा' या शिक्क्यावर करणे अपुरे आहे. निकालाच्या उत्कंठेच्या क्षणी भात उतरविण्यासाठी कोणाला उठावे लागते आणि परत आल्यावर तिला कोणी काय घडले ते सांगते का, ही कसोटी अधिक खरी आहे. पडद्यावरील परीक्षक निदान चव घेऊन मग बोलतो. घरच्या परीक्षकांनी त्याच्याकडून प्रथम एवढे तरी शिकावे.