रकाना कोणी आखायचा?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांतून आज मुले-मुली माहिती प्रणालीच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचत आहेत. कोणाचा बाप आयुध निर्माणीत होता, कोणाची आई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करते. ही घटना लहान नाही. परंतु पदवी हाती आली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानून आपण नुसते सत्कार करीत बसलो तर ती आपलीच फसवणूक ठरेल. ही विद्या चिकित्सक दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे.

कोणती माहिती गोळा करावयाची, ती कोणत्या रकान्यात भरावयाची, ती कोणी पाहावयाची आणि तिच्यावरून निर्णय कोणी घ्यावयाचा, या सर्वांची व्यवस्था म्हणजे माहिती प्रणाली. ज्या समाजाने माणसाला जन्मतःच रकान्यात कोंबले, त्या समाजातील विद्यार्थ्याला हे शास्त्र परके वाटण्याचे कारण नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेत बापाचे नाव काय लावायचे, हा प्रश्न उभा राहतो. तो एका रकान्याचाच प्रश्न आहे. रकाना आखणाऱ्याने गृहीत धरलेले कुटुंब त्या मुलाच्या वाट्याला आलेलेच नव्हते.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास' हा निबंध वाचला. 'यंत्रणा' हा शब्द शीर्षकातच आहे. २५ वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने जात ही स्वतःला टिकवून धरणारी रचना म्हणून उकलून दाखविली आणि सजातीय विवाह ही तिची कळ असल्याचे सिद्ध केले. माहिती प्रणालीच्या विद्यार्थ्याने हा निबंध पहिल्याच सत्रात वाचावा, असे माझे मत आहे.

कारण तीच कळ आज संगणकावर दाबली जात आहे. विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळांवर जात-पोटजात निवडण्याची सोय असते; निवड केली की बाकीची माणसे पडद्यावरून नाहीशी होतात. शिष्यवृत्तीच्या अर्जातही जातीचा रकाना असतो. पहिला रकाना दार लावून घेतो, दुसरा लावलेले दार उघडण्यासाठी आहे. दोहोंची तांत्रिक रचना सारखी, हेतू परस्परविरुद्ध. हा भेद नुसत्या तंत्रातून कळत नाही. त्यासाठी सामाजिक जाणीव लागते.

"मग जातीचा रकानाच काढून टाका," असे प्रस्थापित सहज म्हणतात. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांनी पाहावा. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठविण्यात आले. दलित नावाच्या अर्जाला होकारार्थी उत्तर येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच भरली. तेथे जातीचा रकाना नव्हता, आडनाव होते. उद्या आडनाव झाकले तरी पत्ता उरतोच : कॅम्प नंबर, वस्तीचे नाव, पिनकोड. जुन्या निवडींवरून शिकणारा संगणक जुनाच पक्षपात गणिताचे सोवळे नेसवून पुढे आणू शकतो.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी हॉटेलची नोंदणी, दुकानाचा हिशेब हेच विषय किती दिवस घ्यावेत? शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, कंत्राटी सफाई कामगाराची हजेरी आणि हातात पडणारी मजुरी यांचा मेळ कोठे तुटतो, हे प्रणालीत मांडून दाखवावे. शिक्षकांनी असे विषय नाकारू नयेत. आपल्या लेखकांनीही कर्जत लोकलच्या गर्दीत उभ्याने अभ्यास करणाऱ्या या मुलीकडे पाहावे. आपल्या साहित्यात ती अजून फारशी दिसत नाही.

आजवर दुसऱ्यांनी आखलेल्या रकान्यांत आपली नावे भरली गेली. रकाना आखण्याचे काम आता आपल्या मुलांच्या हाती येत आहे. ते करताना त्यांनी कोणाची बाजू घेतली, यावरूनच या पदवीचे मोल ठरेल.