कूटावपात : कथेतील व खेळातील झाकलेला खड्डा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात दुर्गविधानाचे प्रकरण आहे. तटाबाहेरच्या वाटेवर शत्रूसाठी कोणते अडथळे योजावेत याची यादी त्यात दिलेली असून तीत शूळ व काटे यांच्या जोडीने ‘कूटावपात’ या वस्तूचा निर्देश येतो. ‘अवपात’ म्हणजे खाली पडणे, आणि त्यावरून पडण्याची जागा. हत्ती धरण्यासाठी खणलेल्या व गवताने झाकलेल्या खड्ड्यास संस्कृत कोशांत हाच शब्द दिलेला आढळतो. त्यामागे जोडलेले ‘कूट’ हे पद मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे. कूटसाक्षी, कूटलेख, कूटतुला या समासांत त्याचा अर्थ खोटे किंवा फसवे असा होतो. संस्कृतातील कूटश्लोकापासून मराठीतील कूटप्रश्नापर्यंत मात्र त्याच शब्दाचा अर्थ कोडे असा आहे. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत असले तरी त्यांच्यात मूलभूत अंतर आहे. फसवणूक उकलली जाऊ नये अशी करणाऱ्याची इच्छा असते. कोडे घालणारा ते उकलण्याची शक्यता मान्य करूनच ते घालतो.

झाकलेला खड्डा ही कथानकातील फार जुनी युक्ती होय. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत संगणकावरील व इतर खेळांनी ती इतकी उचलली आहे की, खड्डा नसलेला साहसी खेळ शोधावा लागेल. तथापि या युक्तीचा विचार बहुधा केवळ प्रसंग म्हणून होतो. नायक पडला, वाचला किंवा मेला, एवढ्यावर टीकाकार थांबतो. वस्तुतः या युक्तीचे मर्म खड्ड्याच्या खोलीत नसून त्याच्या आच्छादनात आहे. जमीन ही चालणाऱ्याच्या दृष्टीने एक चिन्ह असते. ‘येथे पाऊल ठेवावे’ असे ती सांगते. आच्छादन त्याच चिन्हाचा खोटा उच्चार करते. म्हणून एखाद्या कृतीतील खड्ड्याची परीक्षा करावयाची तर आच्छादनाची भाषा कोणाला वाचता येते आणि ती केव्हा वाचता येते, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

कथेत या ज्ञानाचे वाटप तिघांत होते : निवेदक, पात्र व वाचक. डॅनिएल डीफो याच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) या कादंबरीत नायक शेळ्या धरण्यासाठी खड्डे खणतो व ते झाकतो. अखेरीस एका खड्ड्यात एक म्हातारा बोकड आणि दुसऱ्यात तीन करडे सापडतात. वाचक येथे खणणाऱ्याच्या बाजूने उभा असल्यामुळे त्याला फसवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खड्डा हे कुदळीसारखेच एक साधन आहे आणि कथेचे लक्ष त्या साधनाच्या सिद्धीकडे आहे. रिचर्ड कॉनेल याच्या ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९२४) या कथेत हीच मांडणी एका पावलाने पुढे जाते. माणसांची शिकार करणाऱ्या झारॉफपासून जीव वाचवीत पळणारा रेन्सफर्ड दलदलीजवळ खड्डा खणतो, त्यात टोकदार खुंट रोवतो आणि वर पालापाचोळा पसरतो. खड्डा कोठे आहे हे वाचकास ठाऊक आहे. कोण पडणार हे ठाऊक नाही. प्रत्यक्षात त्यात झारॉफ पडत नाही, त्याचा एक उत्तम कुत्रा पडतो. वाचकास खड्ड्याचे ज्ञान देऊन फळाचे ज्ञान राखून ठेवल्यामुळे उत्कंठा टिकते आणि तरीही वाचकाची कोठे वंचना झालेली नसते.

ए. ए. मिल्न याच्या ‘विनी-द-पू’ (१९२६) या बालकथेतील एक प्रकरण या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. अस्वल पू आणि त्याचा मित्र पिगलेट हे दोघे हेफलंप नावाचा कधी न पाहिलेला प्राणी धरण्यासाठी खोल खड्डा खणतात. तो प्राणी पाऊस येईल का, हे पाहण्यासाठी आकाशाकडे बघत चालेल आणि म्हणून त्याचे पायाखाली लक्ष राहणार नाही, अशी त्यांची योजना असते. पडणाऱ्याची दृष्टी अन्यत्र गुंतवणे हे आच्छादनाइतकेच महत्त्वाचे आहे, हे तत्त्व येथे बालसुलभ भाषेत सांगितले गेले आहे. पुढे आमिष म्हणून ठेवलेल्या मधाच्या लोभाने पू रात्री स्वतःच खड्ड्यात उतरतो आणि बरणीत डोके अडकवून घेतो. सकाळी पिगलेटला तोच हेफलंप वाटतो व तो भयाने पळत सुटतो. आत कोण आहे हे वाचकास ठाऊक असते, पिगलेटला नसते. सारा विनोद या एका विषमतेतून निर्माण झालेला आहे. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, ही मराठीतील म्हण नीतिबोध म्हणून सांगितली जाते. मिल्नने नीतिबोध बाजूस सारून तिच्यातील ज्ञानविषयक गंमत तेवढी घेतली आहे.

याच्या उलट टोकास एडगर अ‍ॅलन पो याची ‘द पिट अँड द पेंड्युलम’ (१८४२) ही कथा उभी आहे. निवेदक गडद अंधाराच्या कोठडीत आहे आणि वाचकास त्याच्याहून तिळमात्र अधिक ठाऊक नाही. अंधार हेच येथे आच्छादन. कोठडी ओलांडताना तो अडखळून पालथा पडतो. हनुवटी जमिनीवर टेकते, पण चेहऱ्याच्या वरच्या भागाखाली काहीच लागत नाही. खड्डा असा कळतो. अशा प्रसंगी वाचकाने लेखकावर योगायोगाचा आरोप सहज केला असता. परंतु ज्या वस्त्राच्या फाटलेल्या काठात निवेदकाचे पाय अडकतात, तो काठ त्यानेच थोडा वेळ आधी भिंतीवर खूण ठेवण्यासाठी फाडलेला असतो. म्हणजे सुटकेचे कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर घडून गेलेले होते. त्याचा अर्थ मात्र घटनेनंतर उलगडतो. कथेतील खड्ड्याचा न्याय असा पश्चात्-दृष्टीचा असतो. मागे वळून पाहता खुणा दिसल्या पाहिजेत; पाऊल टाकण्यापूर्वी त्या ओळखता आल्याच पाहिजेत, असे बंधन कथेवर नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात नाकारली गेलेली शकुंतला दुष्यंतास गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा देते, ती याच कारणाने इतकी भेदक होते. पडण्यापूर्वी ही उपमा तिला सुचणे शक्यच नव्हते.

खेळात मात्र वाचक आणि पात्र ही दोन माणसे उरत नाहीत. ज्याला कळावयाचे तोच पडणारा असतो, त्यामुळे पात्रास अज्ञात व वाचकास ज्ञात अशी विभागणी तेथे सहसा संभवत नाही. येथील न्याय पूर्वदृष्टीचा हवा. पाऊल टाकण्याआधी खूण वाचता आली पाहिजे. जॉर्डन मेकनर याच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) या संगणकीय खेळात काही फरश्या सैल असतात व पाय पडताच कोसळतात. पण राजपुत्राने जवळपास उडी मारली की त्या हलतात. जमीन बोलते, फक्त तिला प्रश्न विचारावा लागतो. येथे कूट हे कोडे झाले आहे.

मात्र प्रश्न विचारण्याची सोय ठेवली की दुसरी अडचण उभी राहते. खेळणारा प्रत्येक फरशीला प्रश्न विचारीत बसला तर खेळ पुढे सरकणार नाही. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कथनप्रधान खेळाच्या साहित्यसूचीत दहा फूट लांबीची काठी आहे. पुढची जमीन टोचून पाहण्यासाठी खेळणारे ती इतकी वापरू लागले की, ती काठी संशयी खेळाडूची ओळखच होऊन बसली. यावर निरनिराळ्या रचनाकारांनी योजलेला उपाय एकच आहे : संशयाला किंमत लावणे. या खेळात शोध घेण्यात वेळ जातो आणि वेळ गेला की भटकणारे राक्षस येण्याचा संभव असतो. ‘रोग’ (१९८०) या संगणकीय खेळात गुप्त सापळे शोधता येतात, पण शोधण्यात फेऱ्या खर्च होतात आणि अन्न संपत जाते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त संपूर्ण कार्यासाठी साठ मिनिटांचीच मुदत आहे. विश्वास ठेवावा तर पडण्याचे भय, संशय घ्यावा तर उशिराचे भय, असा हा पेच असतो. खड्डा ही युक्ती या पेचात जिवंत राहते. दोहोंपैकी एक बाजू नाहीशी झाली की ती निर्जीव होते.

गॅरी गायगॅक्स याने १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी रचलेली व १९७८ मध्ये प्रकाशित झालेली ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही साहसरचना तिच्या निर्दयतेबद्दल प्रसिद्ध आहे. तिच्या प्रवेशमार्गात झाकलेले खड्डे आहेत. परंतु त्याच मार्गाच्या रंगीत फरशीत बारकाईने पाहणाऱ्यास एक कूटसंदेश सापडतो, आणि वाटेतील दोन खड्डे लाभदायक ठरतील, तेथील भिंत तपासावी, अशी सूचना त्यात आहे. एकाच जमिनीवर फसवणूक आणि कोडे ही शेजारी ठेवलेली आहेत. ही रचना केवळ क्रूर असती तर तिची चर्चा इतकी वर्षे टिकली नसती.

खेळात पुनरावृत्ती असते, पडलेला पुन्हा उठून खेळू शकतो, तेव्हा पहिले पतन ही केवळ माहिती होय आणि पूर्वसूचनेची गरज नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु जो खड्डा केवळ एकदा पडल्यानेच कळतो, तो दुसऱ्या वेळी झाकलेला राहत नाही. अशा खड्ड्यांची मालिका म्हणजे वाचन नव्हे, पाठांतर होय. २००७ साली जपानमध्ये तयार झालेल्या ‘स्योबोन अ‍ॅक्शन’ या खेळाने नेमके हेच विडंबनासाठी वापरले. तेथे ओळखीची निरुपद्रवी जमीन अकस्मात कोसळते आणि खेळणारा हसतो. पण इतर खेळांतील जमीन विश्वासार्ह असते म्हणूनच त्याला हसू येते. विडंबन त्या विश्वासावर उभे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जीवनात माणूस खुणेवाचून पडतो. मग साहित्यानेच खूण का द्यावी? स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्रास जे रूपक सांगतो, त्यातील वाट चुकलेला ब्राह्मण वेलींनी व गवताने झाकलेल्या विहिरीत पडतो, तेव्हा त्याला कोणतीही सूचना मिळालेली नसते. परंतु त्या रूपकाचा भर पडण्यावर नाही. तो वेलींत अडकून उलटा लोंबकळतो, खाली सर्प असतो, आणि तरीही ठिबकणारा मध तो चाखीत राहतो. रूपकाचा विषय ही आसक्ती आहे. पतन हा तेथे आरंभ आहे, कळस नव्हे. खुणेवाचूनचे पतन कथेच्या आरंभी शोभते. कळसाच्या जागी तेच पतन आले तर गुंता सोडविण्याचे कष्ट लेखकाने टाळले, असाच त्याचा अर्थ होतो.

महाभारतातच या युक्तीची दोन टोके पाहावयास मिळतात. आदिपर्वातील जतुगृहाच्या प्रसंगी विदुर युधिष्ठिरास गूढ शब्दांत इशारा देतो. अग्नीपासून बिळात राहणारा वाचतो, असा त्याचा आशय असतो. तो इतरांस कळत नाही, कुंतीस नंतर विचारावा लागतो. पुढे विदुराने पाठविलेला खनक घराच्या मध्यभागी विवर खणतो आणि त्याचे तोंड जमिनीच्या पातळीत झाकून टाकतो. घडण कूटावपाताचीच आहे, पण तिचे फळ मृत्यू नसून सुटका आहे. पुरोचनास जमीन दिसते. पांडवांस द्वार दिसते. हा फरक पडला तो आधी दिलेल्या व उकललेल्या कूटवचनामुळे.

सभापर्वातील मयसभेचे चित्र याच्या उलट आहे. तेथे कोणी खड्डा खणलेला नाही आणि दुर्योधनास पाडण्याचा हेतूही कोणाचा नाही. तो स्फटिकाची भूमी पाहून पाणी समजतो व वस्त्र सावरतो. मग पाण्यास भूमी समजून त्यात पडतो. भीमादिकांचे हसू तेथे उमटते. द्रौपदीच्या तोंडी घातले जाणारे आंधळ्याच्या पुत्राविषयीचे प्रसिद्ध वाक्य भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. पण या अभ्यासाच्या दृष्टीने हसण्याहून पुढचा तपशील मोलाचा आहे. पाण्यात पडून गेल्यावर दुर्योधन एका ठिकाणी द्वार उघडे समजून कपाळ आपटून घेतो, आणि दुसरे द्वार उघडे असूनही ते बंद आहे असे मानून मागे फिरतो.

खुणेवाचून फसवलेल्या वाचकाची स्थिती याहून निराळी नसते. लेखकाने एकदा विनाकारण पायाखालची जमीन काढून घेतली की, पुढे त्याने खरोखरीच मांडलेला अर्थही वाचकास सापळा वाटू लागतो आणि तो काठीने टोचत पाने उलटतो. म्हणून आच्छादन किती बेमालूम होते, यावर झाकलेल्या खड्ड्याचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. त्या पतनानंतर उघड्या द्वारातून आत जाण्याचा धीर वाचकात उरतो की नाही, हे पाहिले पाहिजे.