'आम्ही', 'आपण' आणि 'तुम्ही' : १७९८च्या आयरिश उठावाचे वाङ्मयीन वारस

ऐतिहासिक घटनेची स्मृती वंशजांकडे वारसाहक्काने येते आणि वाङ्मय ती मागाहून शब्दबद्ध करते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. व्यक्तीची स्मृती समाजाने पुरवलेल्या चौकटीतच आकार घेते, हा सिद्धांत मॉरिस आल्ब्वाक्स यांनी १९२५ साली मांडल्यापासून स्मृतिविषयक विवेचनात 'समूह' ही संकल्पना केंद्रस्थानी आली. परंतु समूह आधी आणि त्याची स्मृती नंतर, हा क्रम निरपवाद आहे काय? १७९८च्या आयरिश उठावाविषयीचे वाङ्मय वाचताना या क्रमाविषयी शंका उत्पन्न होते. ज्यांचे पूर्वज या उठावात लढले त्यांच्यापैकी अनेकांनी तो विसरू पाहिला, आणि ज्यांचा त्या घराण्यांशी काही संबंध नव्हता अशांनी त्याची गाणी रचली. मग वारस कोणाला म्हणावयाचे? हा निर्णय रक्तसंबंधाने होत नाही, वाङ्मयरूपाने होतो. प्रत्येक वाङ्मयरूप आपल्या निवेदनाच्या रीतीतून स्वतःचा वारस घडवते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी मराठीतील एक साधा व्याकरणिक भेद उपयुक्त ठरतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हटले की तो सामावला जातो. १७९८विषयीच्या इंग्रजी कविता मराठीत आणू पाहणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी या दोहोंतून निवड करावी लागेल. मूळ भाषेने जे झाकून ठेवले आहे, ते या निवडीच्या क्षणी उघड होते.

प्रथम घटनेची रूपरेषा पाहू. 'युनायटेड आयरिशमेन' ही संघटना ऑक्टोबर १७९१मध्ये बेलफास्ट येथे स्थापन झाली. तिचे तेथील संस्थापक बहुतांशी प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रभावाखाली कॅथलिक, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हा भेद ओलांडणारे 'आयरिश' नागरिकत्व त्यांना अभिप्रेत होते. मे १७९८मध्ये उठाव झाला. आग्नेयेकडील वेक्सफर्ड परगण्यात तो मुख्यतः कॅथलिक शेतकऱ्यांचा होता आणि २१ जूनला व्हिनेगर हिल येथे त्याचा पाडाव झाला. ईशान्येकडील अँट्रिम आणि डाऊन या परगण्यांत लढणारे प्रामुख्याने प्रेस्बिटेरियन होते. ७ जूनला अँट्रिम शहरावर चालून जाणारा त्यांचा नेता हेन्री जॉय मॅक्रॅकन याला १७ जुलैला बेलफास्टमध्ये फाशी देण्यात आले. ऑगस्टमध्ये पश्चिमेकडे किलाला येथे उतरलेली छोटी फ्रेंच फौज ८ सप्टेंबरला बॅलिनामक येथे शरण आली. मृतांचा अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत केला जातो. त्यानंतर १ जानेवारी १८०१पासून आयर्लंडची स्वतंत्र संसदही उरली नाही.

म्हणजे एका नावाखाली निदान तीन वेगळे उठाव आहेत. त्यांना एकत्र बांधणारे सूत्र घटनेत होते त्याहून अधिक नंतरच्या गीतांत आहे. ही गीते प्रत्यक्षदर्शींची नाहीत, ही बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. जॉन केल्स इंग्रम यांची 'द मेमरी ऑफ द डेड' ही कविता 'द नेशन' या पत्रात १८४३ साली निनावी प्रसिद्ध झाली. 'द क्रॉपी बॉय' १८४५ची आणि पी. जे. मॅकॉल यांचे 'बुलावोग' १८९८च्या शताब्दीसाठी रचलेले. घटना आणि गीत यांच्यामध्ये अर्ध्या शतकाचे वा संपूर्ण शतकाचे अंतर आहे.

इंग्रम यांची कविता श्रोत्याला आव्हान देऊन सुरू होते. अठ्ठ्याण्णवचा उल्लेख करण्यास कचरणारा एक भित्रा माणूस ती कल्पिते आणि श्रोत्याला त्याच्यापासून वेगळे होऊन मृतांच्या स्मरणार्थ पेला भरण्याचे आवाहन करते. येथील सर्वनामाचे भाषांतर 'आपण' असेच करावे लागेल. पण हे 'आपण' सशर्त आहे. जो पेला भरील तो 'आपल्यातला', जो गप्प राहील तो भेकड. मौन बाळगण्याला दुसरे एखादे कारण असू शकते, याला या रूपबंधात जागाच नाही. 'द क्रॉपी बॉय'मध्ये पाद्र्याच्या वेषात बसलेल्या सैनिकापुढे एक तरुण पापनिवेदन करतो आणि पकडला जातो. शेवटी श्रोत्याकडे त्याच्यासाठी प्रार्थना आणि अश्रू मागितले आहेत. तेथेही वारसा मिळतो तो श्रोत्याच्या प्रतिसादातून. हे गीत जेम्स जॉइस यांनी 'युलिसीस'मध्ये मद्यालयातील भावुक श्रोत्यांसमोर गायला लावले. या प्रतिसादातील सहजसुलभता त्यांनी अचूक हेरली होती, असे म्हणता येईल. खुद्द इंग्रम पुढे ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि आयरिश स्वायत्ततेच्या विरोधकांत गणले गेले; त्यांची कविता मात्र त्यांना मागे टाकून राष्ट्रवादी मेळाव्यांत गायली जात राहिली. गीताने आपल्या कर्त्यालाही वारसांतून वगळले.

या 'आपण'च्या मर्यादा ज्या ठिकाणी लख्ख दिसतात ते ठिकाण म्हणजे डाऊन परगण्यातील बॅलिक्रीन. बॅलिनाहिंचच्या लढाईनंतर पळून जाताना आपल्या भावासह आणि प्रियकरासह मारली गेलेली बेट्सी ग्रे ही तेथील लोककथेची नायिका. डब्ल्यू. जी. लिटल यांची तिच्यावरील कादंबरी १८८८ साली पुस्तकरूपाने निघाली आणि अल्स्टरमधील प्रॉटेस्टंट घरांतून ती आवडीने वाचली गेली. १८९६ साली तिच्या कबरीच्या जागी स्मारक उभारले गेले. १८९८ साली शताब्दीनिमित्त बेलफास्टचे राष्ट्रवादी तेथे समारंभ करणार असे कळताच परिसरातील प्रॉटेस्टंटांनी ते स्मारक फोडून टाकले.

या घटनेचा अर्थ विस्मृती असा लावणे सोपे, पण चुकीचे आहे. विसरलेल्या स्त्रीचे स्मारक कोणी फोडत नाही. गाय बायनर यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्स्टरमधील या व्यवहाराला 'सामाजिक विस्मरण' म्हटले आहे: जाहीरपणे मौन, आणि त्या मौनाच्या आड घराघरांतून चालू असलेले स्मरण. बंडखोरांची नातवंडे-पतवंडे ब्रिटनशी एकनिष्ठ झाली होती. २८ सप्टेंबर १९१२ रोजी आयरिश स्वायत्ततेविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रावर अल्स्टरच्या सुमारे २ लाख ३७ हजार पुरुषांनी सह्या केल्या. बंडखोर परगण्यांतील प्रेस्बिटेरियन कुटुंबे त्यांत मोठ्या संख्येने होती. आजोबांचा अभिमान आणि आजोबांच्या राजकारणाचा त्याग ही दोन्ही एकाच मनात नांदत होती.

बायनर यांच्या मांडणीला साहित्यसमीक्षेच्या बाजूने एक जोड देता येते. या घरांनी कादंबरी स्वीकारली आणि जाहीर गीत नाकारले, हा योगायोग नव्हे. कादंबरी एकट्याने वा चुलीजवळ वाचली जाते. तिच्या नायिकेसाठी हळहळताना वाचकाला कोणत्याही 'आपण'मध्ये सामील व्हावे लागत नाही. मिरवणुकीतील गीत ही मोकळीक देत नाही. १८९८चे समारंभ राष्ट्रवादाचे 'आपण' घेऊन आले. बॅलिक्रीनच्या वंशजांनी ते 'आम्ही' असे ऐकले, म्हणजे त्यांना वगळणारे, त्यांची बेट्सी घेऊन त्यांना दाराबाहेर ठेवणारे. तो हातोडा स्मृतीवर पडला नाही, सर्वनामावर पडला.

शेमस हीनी यांची 'रेक्विएम फॉर द क्रॉपीज' ही कविता १९१६च्या उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, १९६६ साली लिहिली गेली आणि १९६९च्या 'डोअर इंटू द डार्क'मध्ये समाविष्ट झाली. व्हिनेगर हिलवर मारले गेलेले बंडखोर स्वतःच तिच्यात बोलतात. अंगरख्याच्या खिशात शिदोरी म्हणून ठेवलेले सातूचे दाणे त्यांच्या थडग्यांतून रुजून येतात. या प्रतिमेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. भूक आणि पुनरुत्थान, शेती आणि इतिहास यांची सांगड चौदा ओळींच्या इंग्रजी सुनीतात घातली जाते. निवेदक मृत असल्यामुळे येथे 'आम्ही' हेच सर्वनाम योग्य ठरते, कारण जिवंत वाचकाला त्या सामूहिक दफनात प्रवेश नाही. इंग्रम यांच्या सशर्त निमंत्रणापेक्षा हा संयम मोठा आहे.

परंतु उगवणाऱ्या धान्याची प्रतिमा एक वेगळा धोका घेऊन येते. पीक हे कापणीचे आश्वासन असते. १७९८चे बी १९१६मध्ये उगवले, असे कवितेचे सूचन आहे. ते त्याच अर्थी पुन्हाही उगवेल, असा वाचनाचा मार्ग प्रतिमा स्वतःच खुला करते. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार पेटल्यानंतर हीनी यांनी ही कविता जाहीर वाचनात घेणे थांबवले, कारण ती सशस्त्र मोहिमेची पाठराखण म्हणून ऐकली गेली असती. मृतांचे 'आम्ही' जिवंतांचे 'आपण' म्हणून ऐकले जाऊ लागले होते. कवितेचा शब्द बदलला नाही, भोवतालच्या श्रोत्यांनी तिचे व्याकरण बदलले. स्वतः कवीने वाचन थांबवणे ही या कवितेची सर्वांत काटेकोर समीक्षा मानावी लागते.

हीनी यांच्यानंतर दीड दशकाने बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट कामगारवस्तीतून आलेल्या स्ट्युअर्ट पार्कर यांनी मॅक्रॅकनवर नाटक लिहिले. 'नॉर्दर्न स्टार'चा पहिला प्रयोग १९८४ साली बेलफास्टच्या लिरिक थिएटरमध्ये झाला. उठाव फसल्यानंतर केव्ह हिलवरील एका अर्धवट बांधलेल्या घरात लपलेला मॅक्रॅकन आपले आयुष्य सात टप्प्यांत आठवतो आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या आयरिश नाटककाराच्या शैलीत घडतो. बूसिको, वाइल्ड, शॉ, सिंग, ओकेसी यांच्या शैली एकामागून एक येतात. ही केवळ चमत्कृती आहे काय? तसा आक्षेप घेता येतो, आणि परंपरेशी अपरिचित प्रेक्षकापर्यंत तिचा मोठा भाग पोहोचत नाही, हेही मान्य करावे लागेल. तथापि या अनुकरणशैलीचा आशयाशी सांधा आहे. जिच्यातून ती आपल्याला सांगितली गेली त्या भाषेवाचून भूतकाळातील कोणतीही घटना उपलब्ध नसते, हे येथे संरचनेनेच सांगितले आहे. भूतकाळ 'जसा होता तसा' दाखवण्याचा दावा नाटक पहिल्याच प्रवेशात सोडून देते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र नाटकाचा शेवट निर्णायक आहे. मॅक्रॅकन फासावरून करावयाच्या भाषणाची तालीम करीत राहतो आणि ते बेलफास्टच्या नागरिकांना उद्देशून असते. अखेरीस गळ्यात फास अडकवून तो तेच संबोधन उच्चारतो आणि लँबेग ढोलाचा गजर त्याचे शब्द बुडवून टाकतो. हा ढोल ऑरेंज मिरवणुकांचा, म्हणजे त्याच्याच पंथबांधवांच्या वंशजांचा. गीताने 'आपण' म्हटले, सुनीताने 'आम्ही' म्हटले. पार्कर यांनी 'तुम्ही' म्हटले. लिरिक थिएटरमध्ये बसलेला प्रेक्षक खरोखरच बेलफास्टचा नागरिक होता. त्याला कोणत्याही पक्षात ओढले गेले नाही आणि सुटकाही दिली गेली नाही. पूर्वज बोलत होता. ऐकू का आले नाही, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरला. उत्तराची जबाबदारी वंशजावर टाकणारे रूप म्हणून या नाटकाचे स्थान या परंपरेत वेगळे आहे.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावयास हवा. अनेक स्वरांचे कौतुक करताना समीक्षा कोणाच्या तरी वेदनेला केवळ 'एक स्वर' करून टाकत नाही काय? १९९८ची द्विशताब्दी याच संदर्भात पाहता येते. त्या वर्षी १० एप्रिलला बेलफास्टचा शांतताकरार झाला होता आणि उठावातील सर्वधर्मीय, लोकशाहीवादी आदर्शांवर भर देणे स्वाभाविक होते. टॉम डन यांनी २००४ सालच्या 'रिबेलियन्स' या ग्रंथात या भराला हरकत घेतली. ते इतिहासकार आहेत आणि वेक्सफर्डच्या बंडात बळी पडलेल्या एका माणसाचे वंशजही. ५ जून १७९८ रोजी न्यू रॉस येथे बंडखोरांची कत्तल झाली आणि त्याच दिवशी स्कलाबोगच्या कोठारात बंडखोरांच्या ताब्यातील शंभराहून अधिक माणसे, मुख्यतः प्रॉटेस्टंट, जाळून वा गोळ्या घालून मारली गेली. सलोख्याची उदात्त भाषा या मृतांना पुन्हा एकदा बाजूला सारते, असे डन यांचे म्हणणे आहे. सलोख्याचे 'आपण' हेही सशर्तच असते. अडचणीचे प्रेत बरोबर न आणण्याची अट त्यात असते. आत्मकथन, इतिहासलेखन आणि वादविवेचन यांची सरमिसळ करणारे डन यांचे पुस्तक रूपदृष्ट्या ओबडधोबड वाटते, पण 'मी' या एकवचनावर ठाम राहण्याची त्याची जिद्द या परंपरेत मोलाची आहे.

या सर्व संहितांतून वारसाविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. वंशज असणे ही जन्माची बाब आहे. वारस असणे ही संबोधनाची. कोणीतरी हाक मारावी लागते, आणि ती हाक कोणत्या सर्वनामाने येते यावर प्रतिसादाचे स्वरूप ठरते. स्मृतिविषयक समीक्षेने म्हणूनच 'काय स्मरले गेले' याच्या आधी 'कोणाला उद्देशून स्मरले गेले' हे विचारावे. बॅलिक्रीनचे फोडलेले दगड आणि हीनी यांनी बाजूला ठेवलेली कविता यांचे अर्थ या प्रश्नाशिवाय लागत नाहीत. संहितेच्या अंतर्गत रचनेत आणि तिच्या श्रवणाच्या इतिहासात अशा दोन्ही ठिकाणी हा प्रश्न विचारावा लागतो. त्यांपैकी एकाच ठिकाणी थांबणारी समीक्षा अपुरी राहते.