गणित नेमकं कुठे झालं? डॉइच यांच्या युक्तिवादाची तपासणी

क्वांटम संगणकामुळे अनेक विश्वं असल्याचं सिद्ध होतं, असं आपण हल्ली वारंवार ऐकतो. त्यामागचा एकच युक्तिवाद आम्ही आज तपासणार आहोत. तो डेव्हिड डॉइच यांच्या 'द फॅब्रिक ऑफ रिॲलिटी' (१९९७) या पुस्तकात आहे.

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडणारी क्वांटम रीत दिली. डॉइच विचारतात, या कामाला दिसतात त्याच्या १ वर ५०० शून्यं इतकी पट साधनं लागतात; दृश्य विश्वात अणू मात्र १ वर ८० शून्यं एवढेच. मग गणित झालं कुठे? त्यांचं उत्तर : समांतर विश्वांत.

शिर्डीच्या या जिल्ह्यात 'अनंतकोटी ब्रह्मांड' हे शब्द कानांत बसलेले आहेत. उत्तर चटकन पटतं, म्हणूनच जपायला हवं.

आता एखादा साखर कारखाना घ्या. कोणत्या गटातून किती ऊस आणायचा? तोडणीच्या टोळ्या, गाड्या, गाळपक्षमता, सगळ्यालाच मर्यादा. गणिती भाषेत या मर्यादांची एक बहुमितीय आकृती होते आणि सर्वोत्तम उत्तर तिच्या कोपऱ्यावर मिळतं. तीसच गट असले तरी कोपरे शंभर कोटींच्या पुढे जाऊ शकतात. डँट्झिग यांची १९४७ ची रीत कोपऱ्याकोपऱ्याने जाते; काही उदाहरणांत ती अफाट भटकते, हे १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी दाखवलं. १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकरांनी आकृतीच्या पोटातूनच वाट काढली, आणि पायऱ्या आटोक्यात राहतात हे सिद्ध केलं. उरलेले कोपरे त्यांनी कोणत्या विश्वात मोजले, असं कुणी विचारत नाही. शक्यतांची संख्या म्हणजे कामाचं माप नव्हे.

डॉइच यांचा पक्ष म्हणेल, इथे शक्यता नुसत्या कागदावर नसतात; त्या एकमेकींना खोडतात, बळ देतात. हे खरं आहे, आणि त्यांच्या म्हणण्यातलं बळही इथेच आहे. पण त्यातून एवढंच निघतं की निसर्गाचे नियम साध्या संगणकापेक्षा वेगळे आहेत. प्रत्येक शक्यतेला स्वतंत्र विश्व देणं ही पुढची उडी झाली.

शिवाय अवयव पाडण्याची झटपट साधी रीत असूच शकत नाही, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. ती उद्या सापडली तर ५०० शून्यांचा प्रश्नच उरणार नाही. अनेक विश्वं असतील किंवा नसतील. पण आपल्याला ठाऊक असलेल्या रीतींवरून जगात काय काय आहे हे ठरवता येत नाही, एवढंच आमचं म्हणणं.