परक्याचा कैवार: एक धर्मपत्र आणि एक दावा

काव्याला रसाची कसोटी आहे, इतिहासाला पुराव्याची आहे. परंतु जो लेख दुसऱ्याच्या दुःखासाठीं राज्यकर्त्यांपुढें उभा राहतो, त्याला कोणती कसोटी लावावयाची, हा प्रश्न आपल्याकडील टीकाकारांनीं फारसा विचारलेला नाहीं. केवळ करुणा पुरत नाहीं. करुणेचे शब्द स्वस्त असतात, आणि परदुःख शीतळ, हें आपल्या भाषेनें फार पूर्वींच सांगून ठेविलें आहे. आमच्या मतें खरी कसोटी अशी कीं, लिहिणारानें आपल्या शब्दांबरोबर स्वतःचें कांहीं पणाला लावलें आहे काय? अमेरिकेंतील कॅथॉलिक बिशपांनीं निर्वासितांच्या व परदेशस्थांच्या बाजूनें जें विपुल लेखन केलें, त्यांतील दोन लेख या कसोटीवर घांसून पाहण्याचा येथें हेतु आहे. पहिला लेख २००३ सालचें एक धर्मपत्र होय. दुसरा २०११ सालचा कोर्टांतील एक दावा.

या विचाराचा उगम जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानें घरादारांस मुकलेल्या लोकांचा प्रश्न युरोपापुढें असतांनाच, १ ऑगस्ट १९५२ रोजीं पोप बारावे पायस यांनीं 'एक्सुल फामिलिया' हें शासनपत्र काढलें. हेरोदाच्या भयानें इजिप्तमध्यें पळून गेलेलें नाझरेथचें कुटुंब हाच सर्व काळांतील निर्वासितांचा आदर्श, असें त्यांत मांडलें आहे. या मांडणीचें मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. श्रद्धाळू कॅथॉलिकाच्या दृष्टीनें निर्वासित हा दानाचा विषय राहत नाहीं. आपला देवच एकदां निर्वासित होता, म्हणून दारीं आलेला परका आप्त ठरतो. पुढील सर्व लेखनाचें बळ या नात्यांत आहे.

२२ जानेवारी २००३ रोजीं अमेरिका व मेक्सिको या दोन देशांच्या बिशपांनीं मिळून 'स्ट्रेंजर्स नो लाँगर', म्हणजे 'आतां परके नव्हेत', या नांवाचें धर्मपत्र प्रसिद्ध केलें. ज्या देशांतून माणसें जातात आणि ज्या देशांत तीं येतात, त्या दोहोंच्या धर्माध्यक्षांनीं एकमुखानें बोलावें, हीच गोष्ट मोठी आहे. पत्राचा कणा पांच तत्त्वांचा आहे. माणसाला आपल्याच देशांत उपजीविका मिळाली पाहिजे, हें पहिलें. ती न मिळाल्यास स्वतःच्या व कुटुंबाच्या चरितार्थासाठीं देशांतर करण्याचा त्याला हक्क आहे, हें दुसरें. सार्वभौम राष्ट्राला आपल्या सीमांचें नियमन करण्याचा अधिकार आहे, हें तिसरें. निर्वासितांना व आश्रय मागणारांना संरक्षण मिळालें पाहिजे, हें चौथें. आणि ज्यांच्याजवळ परवाना नाहीं त्यांचीही मानवी प्रतिष्ठा राखली पाहिजे, हें पांचवें.

या मांडणींतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तिचा क्रम. देशांतराच्या हक्काआधीं देशांतर करावें न लागण्याचा हक्क तिनें ठेविला आहे. घर सोडणें हें मुळांतच दुःख आहे, ही जाणीव त्यामागें आहे. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या तत्त्वांची गांठ पडते तेथें पत्राचा पाय अडखळतो. माणसाचा येण्याचा हक्क आणि राष्ट्राचा अडविण्याचा अधिकार हे दोन्ही खरे असतील, तर त्यांचा तंटा कसा तोडावयाचा? केवळ अधिक संपत्ति जोडण्यासाठीं सीमा आवळणें योग्य नव्हे आणि समर्थ राष्ट्रांवर जबाबदारी अधिक आहे, असें पत्र सांगतें. तें रास्त आहे. परंतु अधिक म्हणजे किती, आणि तो भार राष्ट्रांतील कोणत्या वर्गानें उचलावयाचा, याचें माप तेथें सांपडत नाहीं. नवा मजूर आल्यानें मालकाचा फायदा होतो, पण जुन्या मजुराला धास्ती वाटते. ती धास्ती खरी असो वा कल्पित, तिच्याशीं पत्रानें अधिक मोकळेपणानें झुंजावयास हवें होतें. शिवाय तें एकाच वेळीं श्रद्धाळूंना, दोन्ही सरकारांना आणि खुद्द देशांतर करणारांना उद्देशून बोलतें. त्यामुळें त्याचा स्वर हात राखून बोलणाराचा झाला आहे. विचार उदात्त आहे, पण अनेकांच्या संमतीनें लिहिलेल्या गद्याला येतो तो गुळगुळीतपणा त्याला आला आहे.

आतां दुसरा लेख पाहूं. ९ जून २०११ रोजीं अलाबामा राज्याच्या गव्हर्नरांनीं परदेशस्थांसंबंधींच्या एका कडक कायद्यावर सही केली. बेकायदा राहणाऱ्या माणसाला माहीत असतां आसरा देणें, त्याला वाहनांतून नेणें, या गोष्टीही त्यानें गुन्हा ठरविल्या. १ ऑगस्ट रोजीं मोबाइलचे आर्चबिशप टॉमस रोडी व बर्मिंगहॅमचे बिशप रॉबर्ट बेकर यांनीं एपिस्कोपल व मेथॉडिस्ट पंथांच्या बिशपांसह मध्यवर्ती न्यायालयांत दावा लावला. अलाबामांत कॅथॉलिक लोक अल्पसंख्य आहेत, हें येथें लक्षांत ठेवावें.

दाव्याचा कागद कोणी साहित्य म्हणून वाचीत नाहीं. परंतु धर्मपत्रांत जें सांपडत नाहीं तें येथें सांपडतें. दाव्याला एकच श्रोता असतो, न्यायाधीश. आणि त्याला एकाच प्रश्नाचें उत्तर हवें असतें: या कायद्यानें तुमचें काय बिघडलें? म्हणून बिशपांना मानवजातीविषयीं बोलून भागत नव्हतें. बाप्तिस्मा देणें, उपासनेला आलेल्यांस बरोबर घेणें, भुकेल्यास जेवूं घालणें, हीं आमचीं नित्याचीं धर्मकृत्यें. हीं करतांना समोरच्या माणसाचा परवाना आम्हीं तपासावयाचा काय, आणि न तपासल्यास आम्ही गुन्हेगार काय, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. धर्मपत्रांत बिशप परक्याच्या वतीनें बोलतात. दाव्यांत ते परक्याच्या शेजारीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहण्याची तयारी दाखवितात. हा फरक केवळ भाषेचा नव्हे. २८ सप्टेंबर २०११ रोजीं न्यायाधीश शॅरन ब्लॅकबर्न यांनीं आसऱ्यासंबंधींच्या कलमास मनाई केली. ती बिशपांच्या नव्हे, तर मध्यवर्ती सरकारच्या दाव्यांत. २०१३ सालच्या तडजोडीनें तें कलम कायमचें निकामी झालें.

यावर एक आक्षेप येईल. दाव्यामध्यें बिशपांनीं स्वतःचें धर्मस्वातंत्र्य राखलें. परक्याचा हक्क तेथें आडवाटेनेंच आला. आक्षेप अगदीं निराधार नाहीं. पण ज्याला स्वतःचें कर्तव्य सोडावें लागत नाहीं, त्याचा कैवार कितपत टिकेल? ही गोष्ट निर्वासितांच्या बाबतींत अधिक उघड दिसते. येथें एक भेद सांगितला पाहिजे. निर्वासित आणि विनापरवाना आलेला परदेशस्थ हे एक नव्हेत. १९८० च्या निर्वासित कायद्याप्रमाणें दरसाल किती निर्वासित घ्यावयाचे तें राष्ट्राध्यक्ष काँग्रेसशीं विचारविनिमय करून ठरवितात. त्यांची कसून चौकशी परदेशांतच होते, आणि नंतर सरकारी अनुदान घेणाऱ्या खासगी संस्था त्यांना निरनिराळ्या गांवीं वसवितात. यांतील कित्येक संस्था धार्मिक असून बिशपांची परिषद दीर्घकाळ त्यांपैकीं एक होती.

नोव्हेंबर २०१५ मध्यें पॅरिस येथें हत्याकांड झाल्यानंतर तीसहून अधिक गव्हर्नरांनीं सीरियन निर्वासितांना विरोध केला. इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनीं त्यांच्या मदतीचे पैसे रोखले, आणि येऊं घातलेल्या एका कुटुंबाला आणूं नये, अशी विनंति इंडियानापोलिसचे आर्चबिशप जोसेफ टोबिन यांना केली. टोबिन गव्हर्नरांना भेटले, त्यांचें म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें, आणि डिसेंबर महिन्यांत त्या कुटुंबाला आश्रय दिला. आईबाप आणि दोन लहान मुलें, असे ते चौघे दोन वर्षांच्या चौकशींतून पार पडलेले होते. दुसऱ्या एका संस्थेच्या दाव्यांत ऑक्टोबर २०१६ मध्यें अपील न्यायालयानें गव्हर्नरांविरुद्ध निकाल दिला. राष्ट्रीयत्वावरून नव्हे, भीतीवरून मी हें करतों, असें म्हटल्यानें भेदभाव नाहींसा होत नाहीं, असें न्यायमूर्ति रिचर्ड पोस्नर यांनीं त्यांत दाखवून दिलें.

या कैवाराची सर्वांत अवघड बाजू अशी कीं, विरोधक बहुधा घरचेच निघतात. सप्टेंबर २०१९ च्या राष्ट्राध्यक्षीय हुकुमानें निर्वासित वसविण्यास राज्याची लेखी संमति आवश्यक ठरली. चाळीसहून अधिक गव्हर्नरांनीं ती दिली. १० जानेवारी २०२० रोजीं टेक्ससचे ग्रेग ॲबट यांनीं प्रथम नाकारली. ते स्वतः कॅथॉलिक. टेक्ससच्या बिशपांनीं उघड खेद व्यक्त केला; पांच दिवसांनीं मेरीलँड येथील मध्यवर्ती न्यायालयानें तो हुकूमच अडविला. न्यायालयानें बिशपांचें काम केलें खरें, परंतु आपल्याच कळपांतील माणसाचें मन वळविण्याचें काम राहूनच गेलें. पत्रानें ज्या धास्तीला पुरतें तोंड दिलें नव्हतें, तीच येथें गव्हर्नराच्या रूपानें समोर आली.

दुसरी अवघड बाजू पैशाची. तळें राखील तो पाणी चाखील, असा संशय अशा कामावर येणारच. जानेवारी २०२५ मध्यें निर्वासितांचें आगमन स्थगित झालें, तेव्हां उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनीं, आणि तेही कॅथॉलिकच, बिशपांना अनुदानाची चिंता आहे काय, असें जाहीरपणें विचारलें. अनुदानांतून सगळा खर्च कधींच भागत नव्हता, हें बिशपांचें उत्तर होतें. फेब्रुवारींत परिषदेनें सरकारवर दावा केला. एप्रिलमध्यें सरकारबरोबरचे करार पुन्हां न करण्याचें जाहीर केलें. चार दशकांहून अधिक चाललेली भागीदारी अशी संपली. आमच्या कसोटीच्या दृष्टीनें हा प्रसंग निर्णायक आहे. पैसा गेल्यावरही पॅरिशांतील माणसें नवागताला बिऱ्हाड शोधून देतील, त्याच्या मुलांना शाळेंत पोंचवितील, तर व्हान्स यांच्या प्रश्नाला कोणत्याही पत्रापेक्षां तें चांगलें उत्तर होईल.

महाराष्ट्रीय वाचकाला हा वाद अगदींच दूरचा वाटूं नये. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएट राजवटीनें देशोधडीस लावलेलीं, इराणमार्गें आलेलीं तीं मुख्यतः स्त्रिया व मुलें होतीं, आणि धर्मानें बहुतेक कॅथॉलिक. तेथें परका कॅथॉलिक होता आणि यजमान दुसऱ्या धर्माचे. आश्रय देणें ही एका धर्माची मिरास नव्हे, आणि आश्रय मागण्याची पाळी कोणावरही येते, या दोन्ही गोष्टी त्या माळरानावर सिद्ध झाल्या आहेत.

एकंदरींत पाहतां, धर्मपत्र विचारानें मोठें व भाषेनें सावध आहे; दावा विचारानें अरुंद पण भाषेनें निर्भय आहे. एकाला दुसऱ्याची गरज आहे. पत्रावांचून दावा केवळ आपल्या हक्काचा तंटा ठरला असता, आणि दाव्यावांचून पत्र ग्रंथालयांत पडून राहिलें असतें. या विषयावर पुढें जें धर्मपत्र निघेल त्यानें संख्या, खर्च आणि शेजाऱ्याची भीति या तीन प्रश्नांना अंग न चोरतां तोंड द्यावें, आणि हें करतांना अलाबामाच्या बिशपांसारखें आपण काय सोसावयास तयार आहों तेंही लिहावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.